वनाज ते रामवाडी सायकलने: धोक्याचे दोन किलोमीटर

पुण्यात वनाजपासून रामवाडीपर्यंत मेट्रो ज्या बाजूने जाते, साधारण त्याच बाजूने सायकलवर कामाला जायचं म्हटलं तर रस्ता असा: पौड रस्ता, नळ स्टॉप, कर्वे रस्ता, डेक्कन, जंगली महाराज रस्ता, संचेती चौक, संगम पूल, पुणे स्टेशन, बंडगार्डन, येरवडा, नगर रस्ता. पंधरा किलोमीटरच्या आसपास अंतर, पाऊण ते एक तास वेळ. यातले तेरा किलोमीटर साधे आहेत. लक्ष ठेवलं, मागचा दिवा चालू ठेवला, वेग आवरला की निभतं. उरलेले दोन किलोमीटर निराळे. ते सलग नाहीत. कुठे पन्नास मीटर, कुठे दोनशे, असे तुकडे पडलेले आहेत, आणि ते ओळखून ठेवले नाहीत तर रोज नशिबावर हवाला ठेवावा लागतो.

नव्याने सायकल काढणाऱ्याला घरचे, शेजारचे, वाटेत भेटलेले सगळे एकच सांगतात: कडेने जा. मोकळ्या रस्त्यावर ते बरोबर आहे. पण या तुकड्यांमध्ये कडच धोक्याची असते. दार कडेला उघडतं, बस कडेला येते, रिक्षा कडेला थांबते, चेंबर कडेला खचतं, उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला कडेनेच येतो. म्हणून कड कुठे सोडायची, किती सोडायची आणि परत कधी धरायची, एवढंच खरं शिकायचं आहे.

पौड रस्ता: लावलेल्या गाड्यांची रांग

सकाळी वनाजकडून निघालं की हलका उतार आहे. पायडल न मारताही सायकल वीसच्या पुढे जाते, जरा जोर दिला की पंचवीस. डाव्या हाताला दुकानं, दवाखाने, डेअऱ्या आणि त्यांच्यापुढे लावलेल्या गाड्या. उजव्या हाताला मेट्रोचे खांब असलेला डिव्हायडर. मधल्या पट्ट्यात सगळी रहदारी.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या कडेला लावलेल्या गाडीत त्याचं दार रस्त्याच्या बाजूला उघडतं. पूर्ण उघडलं की ते एक मीटरच्या आसपास बाहेर येतं. ताशी २५ च्या वेगाला सायकल सेकंदाला सात मीटर जाते. दार हललेलं दिसून बोटं ब्रेकवर दाबेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे सात मीटर संपले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर थांबायला आणखी सहा मीटर. एकूण तेरा मीटर, म्हणजे ओळीत लावलेल्या तीन गाड्यांची लांबी. चौथ्या गाडीचं दार उघडलं तर वाचाल, पहिल्या तिघांपैकी कुणी उघडलं तर नाही. आणि दारावर आपटण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे होते: हँडलचं डावं टोक दाराच्या कडेला अडतं, हँडल गर्रकन डावीकडे वळतं आणि माणूस उजवीकडे, चालत्या रहदारीत फेकला जातो.

उपाय अंतराचा आहे. हँडल साधारण साठ सेंटिमीटर रुंद असतं. त्याचं डावं टोक गाड्यांपासून सव्वा मीटर लांब ठेवायचं, म्हणजे चाक गाड्यांच्या रांगेपासून दीड मीटरवर राहतं. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्या. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं.

गाड्या वाचायची सवय लावून घ्यावी. मागच्या काचेतून सीटवर डोकं दिसतंय का. ब्रेकचा लाल दिवा आत्ताच विझलाय का. पुढचं चाक रस्त्याकडे वळलंय का, म्हणजे गाडी निघायच्या बेतात आहे. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये लॉक केल्यावर बाजूचे आरसे आपोआप मिटतात. आरसे मिटलेली गाडी बहुधा रिकामी असते, उघडे आरसे दिसले की आत माणूस आहे असंच धरून चालायचं. रांगेत दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी दिसली म्हणून आत शिरू नये. पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यावं लागतं, आणि त्या बाहेर येण्यात मागचा माणूस फसतो. एक सरळ रेघ धरली की मागच्याला तुमचा अंदाज येतो.

रिक्षाचं निराळं आहे. रिक्षाची उजवी बाजू बंद, त्यामुळे प्रवासी नेहमी डावीकडून उतरतो. मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी रिक्षा कडेपासून चार-पाच फूट आत थांबते, आणि तिच्या डावीकडची फट सायकलला बरोबर मापाची वाटते. त्याच फटीत आधी पिशवी येते, मग पाय येतो, मग माणूस. थांबलेल्या किंवा थांबण्याच्या बेतात असलेल्या रिक्षाला डावीकडून ओलांडायचंच नाही. मागे थांबावं, नाहीतर हँडलच्या आरशात बघून उजवीकडून जावं. चालू रिक्षा थांबणार हे आधी कळतं. ड्रायव्हरची मान फुटपाथकडे वळते, वेग उगाच कमी होतो, आणि बऱ्याचदा डावं पाऊल बाहेर डोकावतं. ब्रेकचा दिवा चालू असेलच असं धरू नये.

नळ स्टॉप: पुलाची दोन तोंडं

कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपपाशी खाली रस्ता, मध्ये गाड्यांचा पूल, वर मेट्रो अशी रचना आहे. सायकलवाल्याने पुलावर जाऊ नये, खालून जावं. पुलावर चढताना वेग दहा-बारावर येतो, दोन्ही बाजूंना कठडा, आणि मागचा चाळीसने येणारा. पळायला जागा नाही.

पण खालून जायचं म्हटलं तरी पूल आडवा येतोच, दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण चढाच्या तोंडाशी. तिथे रस्ता दुभंगतो. पुलावर जाणारे उजवीकडे सरकतात, खालून जाणारे डावीकडे येतात, आणि ऐनवेळी मन बदलणारा तुमच्या पुढ्यातून आडवा जातो. इथे कडेला चिकटून गेलात तर शेवटच्या क्षणी डावीकडे घुसणारी गाडी तुम्हाला थेट फुटपाथला दाबते. म्हणून दुभंगण्याच्या पन्नास-साठ मीटर आधीच डाव्या लेनच्या मधोमध यायचं.

ते करायची रीत ठरलेली आहे, आणि या सगळ्या प्रवासात तीच सगळ्यात जास्त वेळा लागते. आधी आरशात बघायचं. मग मान वळवून एकदा खांद्यावरून बघायचं, कारण आरशात जवळचा दुचाकीवाला दिसत नाही. उजवा हात आडवा, दोन-तीन सेकंद, ठळक. पुन्हा मागे नजर. मागचा वेग कमी करतोय असं दिसलं की एका दमात, पण हळूहळू तिरकं सरकत लेनच्या मध्यावर. तिथे आल्यावर वेग टिकवायचा. रेंगाळलं तर मागचा चिडून चुकीच्या जागी ओलांडतो. अरुंद भाग संपला की डावीकडे होऊन हात हलवून वाट द्यायची. एवढ्या साध्या इशाऱ्याने मागच्याचा राग उतरतो, आणि तो पुढच्या सायकलवाल्याशी बरा वागतो.

हे मध्यावर येणं उद्धटपणा नाही, मापाचा हिशेब आहे. चारचाकी आरशांसकट दोन मीटर. तिच्या आणि तुमच्या मध्ये किमान एक मीटर. सायकल आणि तुमचे कोपर मिळून पाऊण मीटर. कडेपासून पाव-अर्धा मीटर. बेरीज चार मीटरच्या वर जाते. लेन तीन-सव्वातीन मीटरची असेल तर सायकल आणि गाडी शेजारी-शेजारी जाऊच शकत नाहीत. कडेला राहून तुम्ही मागच्याला 'मावेल' असं खोटं सांगता, तो विश्वास ठेवतो, आणि हँडलला आरसा घासून जातो.

दुसरं ठिकाण पूल उतरतो तिथे. डेक्कनकडे जाताना वरून उताराच्या वेगाने येणारे आणि खालून सिग्नल सुटल्यावर निघालेले एकत्र येतात. वरून येणाऱ्याचं लक्ष डावीकडून येणाऱ्या गाडीवर नसतं, सायकलवर तर नसतंच. इथे उपाय वेळेचा आहे. खालच्या सिग्नलला हिरवा पडला की पहिल्या झुंडीत निघू नका. ती जाऊ द्या, पाच-सहा सेकंदांनी निघा. तोवर मिळणीपाशी पहिली रेटारेटी संपलेली असते.

हा तुकडा टाळायचा असेल तर एरंडवण्यातून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून डेक्कनला येता येतं. एकेरी वाहतुकीच्या पाट्या बघून वाट ठरवावी लागते आणि चार-पाच मिनिटं जास्त जातात. झाडाखालचा शांत रस्ता मिळतो. ज्यांची सायकलवर अजून पकड बसलेली नाही त्यांनी पहिले दोन महिने हाच रस्ता धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बस

डेक्कनपाशी, महापालिकेच्या आसपास आणि स्टेशनला पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसशी रोज गाठ पडते. बस मोठी म्हणून धोकादायक असं नाही. तिची वळण्याची पद्धत समजली नाही की ती धोकादायक होते.

बारा मीटर लांबीची बस डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आतून कापत येतात, पूर्ण वळणात दीड मीटरच्या आसपास. त्यामुळे ड्रायव्हर आधी थोडा उजवीकडे जातो आणि मग डावीकडे वळतो. पहिल्या हालचालीत डावीकडे ऐसपैस जागा दिसते. सायकलवाला त्या जागेत शिरतो. दुसऱ्या हालचालीत ती जागा मागून मिटत येते, आणि ड्रायव्हरला डाव्या आरशात सायकलवाला दिसेलच असं नाही. सिग्नलला बस उभी असताना तिच्या डाव्या अंगाने पुढे जाणं ही या प्रवासातली सगळ्यात घातक सवय आहे. एकतर बसच्या मागे थांबा. नाहीतर तिच्या पुढे जायला पुरेसा वेळ आहे याची खात्री असेल तरच उजवीकडून पुढे जा आणि तीन-चार मीटर पुढे, ड्रायव्हरशी नजरानजर होईल असे उभे राहा. काचेला खेटून उभं राहिलेला सायकलवाला उंच सीटवरच्या ड्रायव्हरला दिसतच नाही.

थांब्यापाशी बस ओलांडून पुढे येते आणि लगेच डावीकडे घेते. तेव्हा चुरस करू नये. बस बरोबरीला आली आणि पुढे पन्नास मीटरवर थांबा दिसतोय, तर ती डावीकडे येणारच. ब्रेक दाबून तिच्या मागे राहायचं. बस आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीत जाणं म्हणजे उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर जाणं. त्यांच्या बाजूनेही हा विचार झाला पाहिजे. सायकलमुळे कुणाचं हाड मोडलं तर तो अपघातच आहे.

जंगली महाराज रस्ता आणि संचेती

जंगली महाराज रस्ता एकेरी आहे, पृष्ठभाग चांगला आहे, आणि म्हणूनच गाड्या वेगात असतात. फुटपाथलगत सायकलसाठी जागा केलेली आहे, तिचा उपयोग जेवढा मोकळा भाग मिळेल तेवढाच. त्या पट्ट्यातून मुख्य रस्त्यावर परत येण्याची जागा नीट निवडावी. अडथळा आला म्हणून अचानक खाली उतरणं हेच तिथलं धोक्याचं काम आहे. बाकी इथे विशेष काही नाही.

संचेतीपाशी स्टेशनकडे जायला उजवीकडे जावं लागतं. गर्दीच्या वेळी तीन-चार लेन ओलांडून उजव्या लेनला जाऊन उभं राहणं सरावलेल्यालाही नको वाटतं, आणि त्याची गरजही नाही. असा मोठा चौक दोन टप्प्यांत ओलांडावा. हिरव्या सिग्नलला डाव्या बाजूने सरळ जायचं, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात झेब्राच्या पुढे थांबायचं, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करायची, आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की सरळ निघायचं. एक सिग्नल जास्त, म्हणजे दीड-दोन मिनिटं. कोपऱ्यात उभं राहताना एक काळजी: डावीकडे मोकळं वळण असेल तर त्या वळणाच्या वाटेत थांबायचं नाही. जागा मिळत नसेल तर उतरून झेब्रावरून सायकल हाताने न्यावी.

संगम पुलावर दोन्ही बाजूंना कठडे आहेत. पुलावर कडेचा शेवटचा अर्धा मीटर माती, खडी आणि काचांचा असतो, कारण पाणी जायची भोकं बुजली की गाळ तिथेच साठतो. पंक्चर तिथे होतं आणि पाय टेकायला जागाही नसते. पूल सुरू व्हायच्या आधीच लेनच्या मध्यावर या, पूल संपला की कड धरा.

पुणे स्टेशनसमोर एकच नियम पुरतो: वेग बारा. लोक ट्रॉलीची बॅग ओढत मागे न बघता चालतात, रिक्षा गिऱ्हाईक दिसलं की जागच्या जागी थांबते, बस सगळीकडून येतात. बारा-तेराच्या वेगाला सायकल पाच-सहा मीटरमध्ये थांबते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर ठेवूनच तो भाग पार करावा.

नगर रस्ता: वेगातला फरक

येरवड्याच्या पुढे रस्ता रुंद होतो आणि नवख्याला वाटतं, सुटलो. इथेच सावध व्हायचं. आधीच्या तुकड्यांमध्ये चूक झाली तर बहुतेक वेळा खरचटतं, इथे जिवावर बेततं. कारण वेगातला फरक. तुम्ही वीसने, मागचा साठने. फरक चाळीसचा, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. शंभर मीटर मागे असलेली गाडी नऊ सेकंदांत तुमच्यापाशी. आरशात दर पाच-सहा सेकंदांनी एक नजर जायलाच हवी. हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा छोटा बहिर्गोल आरसा या रस्त्यावर हेल्मेटइतकाच गरजेचा आहे.

आरशात गाडी दिसत असताना पुढचा खड्डा बघून अचानक उजवीकडे होणं हे इथलं पहिलं संकट. खड्डा वीस-पंचवीस मीटर आधी दिसला पाहिजे, म्हणजे नजर चाकापुढे नको, लांब हवी. चुकवायला जागा नसेल तर वेग कमी करून, सीटवरून उठून, दोन्ही पायडल आडव्या पातळीत ठेवून, गुडघे आणि कोपर सैल सोडून सरळ खड्ड्यातून जावं. चाक वाकलं तर मिस्त्री सरळ करतो.

दुसरं संकट उलट दिशेने येणारे दुचाकीवाले. यू-टर्न लांब आहे म्हणून ते कडेकडेने येतात. त्यांना चुकवायला आणखी डावीकडे जाऊ नका, कारण तेही शेवटच्या क्षणी तिकडेच जातात. तुम्ही आधीपासून कडेपासून मीटरभर आत असाल तर त्यांना कड मोकळी मिळते आणि ते तुमच्या डावीकडून निघून जातात. वेग कमी करा, रेघ सोडू नका, उजवीकडे झटका देऊ नका.

तिसरं, गतिरोधक आणि रंबलर. दुचाकीवाल्यांना तो धक्का नको असतो, म्हणून ते गतिरोधकाच्या डाव्या टोकाची हातभर मोकळी पट्टी शोधतात, जिथून पाणी वाहून जातं. ती पट्टी नेमकी तुमच्या चाकाखाली असते. गतिरोधकाच्या तीस मीटर आधी आरशात बघा, मागे दुचाकी असेल तर ती पट्टी सोडून गतिरोधकावरूनच जा.

नगर रस्ता चुकवायची सोय आहे. बंडगार्डनपासून कोरेगाव पार्कात शिरून नदीवरच्या पुलाने कल्याणीनगरला जायचं आणि तिथून रामवाडी गाठायची. वेळ थोडा वाढतो, वेगातला फरक निम्म्यावर येतो. कोरेगाव पार्कात वडाची झाडं मोठी आहेत. फळांच्या दिवसांत रस्त्यावर चिरडलेल्या फळांचा चिकट थर असतो, वळताना सायकल तिरकी करू नये.

ऊन

या मार्गाची एक खोड नकाशावर बोट ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. सकाळी कामाला जाताना सूर्य समोर, संध्याकाळी घरी येताना पुन्हा समोर. तुमच्या डोळ्यांवर ऊन येतं हा त्रास झाला. धोका हा की तुमच्या मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि त्याला समोरचा सायकलवाला काळी सावली म्हणून दिसतो किंवा दिसतच नाही. हिवाळ्यात हे वाढतं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि आठ-साडेआठपर्यंत खालीच असतो. नोव्हेंबरच्या शेवटी तो सहाच्या आधीच मावळतो, म्हणजे पाच-सव्वापाचला निघालेल्याला पहिला अर्धा तास थेट तोंडावर.

म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू हवा, लुकलुकता. रात्री तो स्थिर ठेवावा, लुकलुकत्या दिव्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. पिवळं जॅकेट उन्हाविरुद्ध फारसं दिसत नाही. घोट्याला चमकणारी पट्टी जास्त उपयोगी, कारण ती वरखाली हलते आणि हलणारी गोष्ट डोळा आधी टिपतो. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत निघायची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे करावी.

पाऊस

जूनच्या पहिल्या दोन-तीन सरी सगळ्यात वाईट. उन्हाळाभर साठलेलं तेल आणि धूळ यांचा लगदा होतो. झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, कामाच्या जागी टाकलेल्या पोलादी प्लेट आणि शेवाळ धरलेले पेव्हर ब्लॉक, या चौघांवर पाऊस असताना तीन गोष्टी करायच्या नाहीत: ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही, जोरात पायडल मारायचं नाही. आधी वेग उतरवायचा आणि सरळ, सैल हाताने पार व्हायचं.

चेंबरचं जवळून बघावं. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, झाकण जुन्या पातळीवर राहतं. मग चार-पाच सेंटिमीटरची वाटी तयार होते आणि तिची कड धारदार असते. पावसात ती वाटी पाण्याने भरली की सपाट रस्त्यासारखी दिसते. कडेला पाणी जायच्या जाळ्यांचं तर आणखी वाईट: गज रस्त्याच्या दिशेने लांब असतील तर त्यांच्या फटीत ३२ मिलिमीटरचा टायर बरोबर बसतो, चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. साठलेल्या पाण्यातून कडेने जाणं म्हणूनच नको. चारचाकीचं डावं चाक ज्या रेघेने गेलं ती रेघ धरावी, तिथे तळ आहे हे पुढच्याने दाखवलेलं असतं. डांबर आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर, किंवा थराच्या कडेवर, तिला समांतर जात चढू नका. चाक कडेला घासत राहतं आणि घसरतं. आधी थोडं लांब जाऊन शक्य तेवढ्या काटकोनात, निदान पंचेचाळीस अंशात ती ओलांडा.

रिमला दाबणारे ब्रेक ओले असताना पहिले दोन-तीन फेरे नुसतं पाणी पुसतात. चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा, म्हणजे चार-सहा मीटर काहीच लागत नाही आणि मग एकदम लागतं. त्यामुळे सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके दाबून रिम पुसत यायचं. रिमवरची माती पॅडमध्ये खडे रुतवते. आठवड्यातून एकदा पॅड बघून टोकदार वस्तूने ते खडे काढावेत, नाहीतर ते रिम कातरतात. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की पॅड बदलायचे, 'आणखी महिनाभर चालतील' असं नको. डिस्क ब्रेक पावसात बरे, पण डिस्कवर तेलाचा हात लागू द्यायचा नाही आणि चेनला तेल देताना फडकं आड धरायचं. टायरची हवा ३२ च्या टायरला एरवी ६५-७० पीएसआय असेल तर पावसाळ्यात आठ-दहाने कमी ठेवावी, पकड वाढते. बाजूला छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नये.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे माहीत असावं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो, तरी नवी किंवा दुसऱ्याची सायकल घेतली की चाक उचलून तपासावं. थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, ओल्या रस्त्यावर मात्र तो एकटा आणि झटक्याने दाबला की चाक निसटतं. दोन्ही एकत्र, हळूहळू वाढवत.

परतीची वाट

संध्याकाळी जंगली महाराज रस्ता उलट्या दिशेने मिळत नाही, फर्ग्युसन रस्त्याने डेक्कनला यावं लागतं. तिथे खाण्याच्या ठिकाणांपुढे दुहेरी रांगेत गाड्या लागतात, ड्रायव्हर आत बसलेला असतो आणि इंजिन चालू असतं. पौड रस्त्याला सांगितलेलं दाराचं अंतर इथेही तसंच, वेग मात्र पंधराच्या वर नको, कारण दोन गाड्यांमधून रस्ता ओलांडणारी मुलं दिसत नाहीत.

मग नळ स्टॉपच्या पुढे पौड फाट्यापासून वनाजपर्यंत तोच उतार चढ होतो. सकाळी पंचवीसने उतरलेला रस्ता आता दहा-बाराने चढायचा असतो. अंधार पडलेला, पाय दमलेले, मागचे सगळे घरी जायच्या घाईत. दमलेला माणूस सीटवरून उठून पायडल मारतो, तेव्हा सायकल डावी-उजवीकडे फूटभर झुलते आणि उठण्याच्या क्षणी अर्धा फूट मागे सरकते. शेजारून जाणाऱ्या आरशाला तेवढं अंतर पुरतं. चढ लागायच्या आधीच, फाट्याच्या सिग्नलला थांबण्यापूर्वी, हलका गिअर टाकून ठेवा, म्हणजे बसूनच चढता येतं आणि रेघ सरळ राहते. एकच गिअर असलेली सायकल असेल तर आनंदनगरच्या अलीकडे उतरून दोन मिनिटं चालत जायला हरकत नाही. फुटपाथवर चढून, मागचा दिवा चालूच ठेवून.